कच्चं हेल्मेट किट: बाहेरून आठ, आतून तीन

गुण आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्यांची सुटका. दहापैकी बाहेरून आठ, आतून तीन. सरासरी काढू नका. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर पहिला आकडा बघा, डोक्यात घालायचं असेल तर दुसरा.

वस्तू कोणती, तर थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं, न घासलेलं, न रंगवलेलं, तुकड्यांत येणारं अंतराळवीराचं हेल्मेट. कुठल्या सिनेमातलं नाही, स्वतंत्र डिझाइन आहे. समोर रुंद काच, हनुवटीखाली हवेची जाळी, कानांवर गोल डबे, एका बाजूला बोटभर अँटेना. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण असली किटं छापून विकणारे पुष्कळ आहेत आणि माझ्या तक्रारी एका दुकानापुरत्या नाहीत. या जातीच्या मालात त्या कमीअधिक सगळीकडे भेटतात.

माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगणं भाग आहे. एक म्हणजे मी चष्मा लावते, आणि त्याचा या परीक्षणाशी फार जवळचा संबंध आहे. दुसरी म्हणजे मी दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कवळ्या, कॅप, ब्रिज हे रोजचं काम. दिवसभर अ‍ॅक्रिलिक घासायचं आणि पॉलिश करायचं, त्यामुळे घासकामाची मला धास्ती नाही. पण ‘बसतंय का?’ हे आधी आणि ‘दिसतंय कसं?’ हे नंतर, अशी खोड लागली आहे. कवळी कितीही चमकली तरी हिरडीला टोचली की ती डबीत जाऊन पडते. हेल्मेटचंही तसंच असतं, आणि हे किट बनवणाऱ्याच्या ते गावीही नाही.

खोक्यात काय येतं ते बघू. कवटीचे दोन अर्धे भाग, हनुवटीचा तुकडा, काचेची चौकट, कानांचे डबे, अँटेना, काचेसाठी धुरकट रंगाचा 1 मिलीमीटर जाडीचा पेटजी प्लास्टिकचा पत्रा, हनुवटीचा तुकडा काढता-घालता यावा म्हणून थोडे निओडायमियम चुंबक आणि सूचनांचा एक कागद. बांधणी चोख होती, कोपरे फुटलेले नव्हते. छपाई 0.2 मिलीमीटरच्या थरांची, भिंत साधारण 3 मिलीमीटर. प्लास्टिक पीएलए. आतल्या बाजूचे सपोर्ट, म्हणजे छापताना द्यावे लागणारे टेकू, विक्रेत्याने काढून दिलेले, पण त्यांचे काटे तसेच ठेवलेले. अस्तर नाही, पट्टा नाही, पंखा बसवायला जागा नाही, वायर बाहेर काढायला भोक नाही. आत हात फिरवला तर बोटं खरचटतात. आत माणसाचं डोकं जाणार आहे हे कोणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

मापाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘प्रौढ’. यावरून काय कळणार? प्रौढ डोक्याचा घेर 54 ते 61 सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आणि कॉस्च्यूम हेल्मेटच्या बाबतीत घेर हे मुख्य माप नव्हेच. पहिलं माप म्हणजे डोकं ज्या तोंडातून आत जातं त्या तोंडाची सगळ्यांत अरुंद जागा, कारण नाक आणि कान तिथूनच जायचे असतात. दुसरं, कानांपाशी आतली रुंदी. तिथे डोकं आहे, कान आहेत, चष्म्याच्या काड्या आहेत आणि वर फोमही लागणार आहे. या किटमध्ये हनुवटीचा तुकडा सुटा असल्याने पहिला प्रश्न सुटतो, आणि ही डिझाइनमधली खरोखर हुशारीची गोष्ट आहे. दुसरा प्रश्न सुटत नाही. कानांचे डबे बाहेरून दिमाखदार दिसतात, पण ते पक्के करायला आत जी गोल कड दिली आहे ती नेमकी कानाच्या पाळीवर येते. मी ती लॅबच्या मायक्रोमोटरवर, म्हणजे हातात धरून घासायच्या छोट्या मोटरवर, घासून सपाट केली. ज्यांच्याकडे तसलं हत्यार नाही त्यांना कानस घेऊन बसावं लागेल.

मोठं माप मागवलं तर विक्रेते फाइल टक्क्यांनी वाढवून देतात. 5 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळ्या बाजूंनी 5 टक्के वाढलं की घनफळ जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढतं, आणि खांद्यावर ते मोठ्या डोक्याच्या बाहुलीसारखं दिसायला लागतं. म्हणून मागवण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी वाकवून डोक्याभोवती धरा, चष्मा लावून धरा, आणि कानांपाशी आतली रुंदी किती मिलीमीटर आहे ते लेखी विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याने हेल्मेट स्वतः कधी घालून बघितलेलं नाही, असं खुशाल समजा.

आता पीएलए. छापायला सोपं, वास कमी, वाकत-उचलत नाही, म्हणून विक्रेत्यांचं लाडकं. पण साधारण 60 अंश सेल्सिअसला ते मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं, आणि गडद रंगाची वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त तापते. हेल्मेट गाडीत विसरलात तर घरी येईल ते वेगळ्याच ग्रहावरचं असेल. पेटजी साधारण 80 अंशांपर्यंत टिकतं, एबीएस 100 च्या आसपास. एबीएसचा आणखी एक फायदा असा की ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे सांधे एकजीव करता येतात. पीएलएला अ‍ॅसिटोन पुसून काही उपयोग नाही. या किटच्या सूचनांमध्ये मात्र ‘अ‍ॅसिटोनने गुळगुळीत करा’ असं एक वाक्य आहे. कुठल्या तरी दुसऱ्या किटच्या कागदावरून उतरवलेलं असावं.

हाच मऊपणा घासतानाही नडतो. माझा लॅबचा मायक्रोमोटर मिनिटाला 30 हजारांहून जास्त फेरे घेतो. त्या वेगाने बर, म्हणजे त्याचं कापणारं टोक, टेकवला की पीएलए कापलं जात नाही, वितळतं आणि बरला गोळा होऊन चिकटतं. वेग अगदी खाली आणायचा, हलका हात ठेवायचा, एका जागी थांबायचं नाही. खरं तर मोठ्या पृष्ठभागाला हातच बरा.

जोडणीबद्दल थोडक्यात. दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांत बसणाऱ्या खुंट्या दिल्या आहेत, पण खुंटी आणि भोक एकाच मापाचं, त्यामुळे खुंट्या घासल्याशिवाय शिरत नाहीत. त्या कापून टाकल्या तरी बिघडत नाही. सुपर ग्लूने चार जागी टाचायचं, सरळ बसलंय याची खात्री करायची, मग आतून सांध्याच्या लांबीभर काचतंतूच्या कापडाची पट्टी इपॉक्सीने चिकटवायची. बाहेरून कितीही डिंक थापला तरी सांधा आतूनच पक्का होतो. फटी भरायला पुष्कळ जण सुपर ग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरवतात. ते क्षणात दगडासारखं होतं, आणि गोची तिथेच आहे. ते पीएलएपेक्षा कडक असल्यामुळे घासताना आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि सोड्याची रेघ उंचवटा होऊन उभी राहते. हे मिश्रण आतून वापरा. बाहेरून पुट्टी.

अँटेना वेगळी सांगायला हवी. ती उभी छापलेली आहे, म्हणजे थर आडवे. थरांवर थर चिकटलेल्या वस्तूची ताकद थरांच्या जोडावर सगळ्यांत कमी असते, त्यामुळे बाजूने टिचकी मारली तरी ती काडीसारखी मोडते. आडवी छापली असती तर हा प्रश्नच आला नसता. उपाय सोपा आहे: मधोमध 2 मिलीमीटरचं भोक पाडून स्टीलची तार घाला, तार कवटीत सेंटिमीटरभर शिरू द्या.

आता घासकाम. या किटचे बाहेरचे आठ गुण इथे मिळतात, पण ते तुम्ही कमवायचे असतात.

कच्च्या छपाईवर नजर टाकली की बाजूच्या उभ्या भिंतींवर बारीक रेघा दिसतात आणि टाळूकडे जाल तसतशा त्या रेघा पसरून पायऱ्या होतात. थराची जाडी तीच, पण उतार सपाट होत जातो म्हणून पायरी रुंद होते. त्यामुळे सगळ्या हेल्मेटला सारखंच घासण्यात अर्थ नाही. बाजू 120 नंबरच्या घासकागदाने लवकर मार्गी लागतात. टाळूला 80 लागतो, आणि तो बोटांनी धरायचा नाही. बोटांच्या दाबाने खळगे पडतात. फोमच्या जाड तुकड्याला कागद गुंडाळायचा आणि रेघांना तिरपा हात चालवायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या. रेघांच्याच दिशेने घासलं की कागद खाचांतून घसरत राहतो आणि काम पुढे सरकत नाही.

मग पुट्टी. गाड्यांच्या पत्र्याला लावतात ती पॉलिएस्टर पुट्टी, हार्डनर वजनाच्या साधारण 2 टक्के. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो. तो आवरा. जास्तीचा हार्डनर नंतर रंगातून वर येऊन डाग पाडू शकतो. कालवल्यावर हातात काही मिनिटंच असतात, म्हणून लिंबाएवढीच कालवावी. पातळ थर, खेचून. पुट्टी पूर्ण कडक व्हायच्या थोडं आधी, नखाने ओरखडा उमटतो पण बोटाला चिकटत नाही अशा अवस्थेत, जास्तीची पुट्टी पात्याने तासून काढता येते. ही वेळ साधली की अर्धं घासणं वाचतं. कवळीच्या प्लास्टरवर आम्ही हेच करतो.

त्यावर फिलर प्रायमर, करड्या रंगाचा. प्रायमर मारला की सगळं एकदम सुंदर दिसायला लागतं. फसू नका. करड्या प्रायमरवर दूर उभं राहून काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवा, झाकायचं नाही, ठिपके ठिपके पडले पाहिजेत. वाळलं की 400 चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. उंच जागेवरचे काळे ठिपके चटकन जातात, खोलगट जागेतले तसेच राहतात. माझ्या हेल्मेटवर पहिल्या घासणीनंतर सांध्याला समांतर, बोटभर अंतरावर, काळी वेलांटी उरली होती. डोळ्याला काही दिसत नव्हतं, तळवा फिरवून कळत नव्हतं, पण काळा रंग बरोबर सांगत होता की पुट्टी जिथे संपते तिथे उतार राहिला आहे. तिथे पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर, पुन्हा धुरळा. काळं उरलं नाही की थांबायचं. ज्यांना वाटतं की चकचकीत रंग हे झाकून टाकेल त्यांनी एकदा चकचकीत काळा मारून दिव्याखाली धरावं. चमक जेवढी जास्त तेवढी चुगली जास्त.

धुळीबद्दल मी लॅबमध्ये जेवढी कटकट करते तेवढी इथेही करणार. सुक्या घासणीला एन95 चालतो. पॉलिएस्टर पुट्टी, स्प्रे प्रायमर, लॅकर यांना चालत नाही, कारण तो धूळ अडवतो, वाफा अडवत नाही. वाफांसाठी कोळशाच्या काडतुसांचा रेस्पिरेटर लागतो. आणि हार्डनरवाला टू-के क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतात, त्यांचा एकदा श्वसनाला त्रास सुरू झाला की तो कायमचा मागे लागू शकतो. सूचनांच्या कागदावर मास्क हा शब्द एकदाही नाही.

रंगाचं फार सांगत नाही, कारण तिथे प्रत्येकाची आवड आणि किटचा संबंध कमी. मला जुनं, वापरलेलं, ओरखडे पडलेलं हेल्मेट हवं होतं. आधी चंदेरी, मग कडांवर आणि जिथे हात लागून रंग उडेल अशा जागी स्पंजने द्रव लेटेक्सचे ठिपके, त्यावर मळकट पांढरा, वाळल्यावर लेटेक्स चोळून काढायचं. खालचा चंदेरी उघडा पडतो आणि पोपडा गेल्यासारखा दिसतो. शेवटी काळ्या-तपकिरी अ‍ॅक्रिलिकचं पातळ पाणी फासून लगेच पुसायचं, खाचांत मळ राहतो. कानांचे डबे धातूचे वाटावेत म्हणून काळ्या मॅट रंगावर ग्राफाइटची पूड बोटाने घोटली. आरशासारखा क्रोम हवा असणाऱ्यांना एवढंच सांगते की त्याला खाली निर्दोष चकचकीत काळा लागतो, वरचा थर अगदी पातळ लागतो, आणि त्यावर साधा क्लिअर मारला की क्रोमचा बहुतेक वेळा नुसता करडा रंग होतो.

किटच्या बाजूने इथे एक गोष्ट नमूद करते. बारीक नक्षी, जाळीचे दात, डब्यांवरच्या खाचा, सगळं धारदार आलं होतं. प्रायमरचे थर चढूनही खाचा बुजल्या नाहीत. डिझाइन करणाऱ्याने त्या मुद्दाम खोल ठेवल्या असणार. बाहेरचं त्याला कळतं.

मग काच, आणि इथून माझा पारा चढायला लागतो.

सूचना म्हणते, काच सुपर ग्लूने चिकटवा. कृपा करून तसं करू नका. सुपर ग्लू वाळताना त्याची वाफ जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसते आणि पांढरं धुकं पडतं. पारदर्शक काचेच्या कडेने बोटभर रुंदीचा दुधी पट्टा येतो. मी चौकटीत बारीक स्क्रू घालून काच बसवली. त्यामुळे ती काढून धुता येते, ओरखडली तर बदलता येते. आणि काच सगळ्यांत शेवटी बसवायची, रंगाचं सगळं काम झाल्यावर.

काच किती गडद हवी हा वेगळाच घोळ. या किटमधली धुरकट काच उजेडात ठीक आहे, संध्याकाळी तिच्यातून पायरी दिसत नाही. पुष्कळ जण वेल्डिंगच्या गडद काचा कापून लावतात. वेल्डिंगच्या शेड 3 मधून साधारण 14 टक्के उजेड आत येतो, शेड 5 मधून जेमतेम 2 टक्के. शेड 5 घालून गर्दीत चालणं म्हणजे डोळे मिटून चालणं. चेहरा लपवायचा असेल तर एकतर्फी आरशाची फिल्म जास्त कामाची, पण तिचं गणित उजेडावर चालतं: आत अंधार आणि बाहेर उजेड असेल तरच चेहरा लपतो. म्हणून हेल्मेट आतून मॅट काळं रंगवायचं. त्याने आतली चमकही जाते आणि काचेवर स्वतःचंच नाक दिसत नाही. आत एलईडी लावायची हौस असेल तर लक्षात घ्या, दिवा लागला की बाहेरच्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला बाहेरचं काही दिसत नाही.

किटची काच चौकटीत बसते ती जवळजवळ नाकाच्या शेंड्यापाशी. चष्मा नसलेल्याला ते जाणवणार नाही. चष्मा असला की फ्रेम काचेला टेकते, बोलताना खाली-वर होते आणि खटखट वाजते. फोमने डोकं मागे ढकलल्यावर तेवढी जागा मिळाली. पण म्हणजे कपाळापुढे जाड फोम आणि डोक्यामागे जवळपास काहीच नाही, आणि हेल्मेट पुढे झुकायला लागतं.

वजनाकडे येते. पीएलएची घनता 1.24. या आकाराची 3 मिलीमीटर भिंतीची कवटी ठोकळ्याने किलोभर भरते. पुट्टी, प्रायमर, काच, चुंबक, फोम धरून माझं हेल्मेट दीड किलोच्या जवळ गेलं. एवढं वजन मानेला पेलवतं, पण ते समोर असलं तर नाही. हनुवटी, काच, चौकट, चुंबक, सगळं समोर. मी मागच्या बाजूला आतून स्टीलचे वॉशर इपॉक्सीत बसवले. वजन थोडं वाढलं आणि हेल्मेट हलकं वाटायला लागलं. काही जण मागे पॉवर बँकच बसवतात. मला डोक्याला लिथियम बॅटरी टेकवून फिरणं पटत नाही. ती खिशात ठेवा, वायर मानेवरून खाली सोडा, मध्ये ओढली की सुटणारी पिन ठेवा.

कारण वायर लागतेच. पंख्याशिवाय हे हेल्मेट घालायच्या लायकीचं नाही. तोंड आणि काच यांच्यामधली जागा एवढी कमी की दोन वाक्यं बोललं की काच धुरकटते, आणि काचेच्या आधी चष्मा. भांडी घासायच्या साबणाचा थेंब काचेवर पसरवून कोरडा पुसला तर थोडा वेळ निभावतं. खरा उपाय 5 व्होल्टचे 40 मिलीमीटरचे दोन पंखे. हनुवटीच्या जाळीतून हवा आत ओढून काचेच्या आतल्या अंगाने वर फेकायची आणि कानामागे तिला बाहेर जायला वाट ठेवायची. नुसती हवा आत ढकलली आणि बाहेर पडायची सोय केली नाही तर पंखा फक्त आवाज करतो. जाळी दिसायला इतकी छान, पण आतून ती बंद होती! नुसती नक्षी. मागे 3 मिलीमीटरची अखंड भिंत. ती कापून आत बारीक तारेची जाळी लावली. आणखी एक खाचखळगा: बऱ्याच पॉवर बँका भार कमी असला की ‘फोन भरला’ असं समजून आपोआप बंद पडतात. एकच छोटा पंखा असेल तर हे हमखास होऊ शकतं. दोन पंखे, किंवा कमी भाराला चालू राहणारी बँक, घरी तासभर चालवून बघा.

ऐकू येण्याबद्दलही तेच. कानांचे डबे भरीव छापले आहेत. नक्षीच्या खाचांच्या तळाशी भोकं पाडली तर बाहेरून दिसत नाहीत आणि माणूस हाक मारतोय हे कळतं.

अस्तरासाठी आमच्या लॅबची एक युक्ती वापरली. कवळी कुठे टोचते हे शोधायला तिच्या आतून पांढरी पेस्ट फासतात, जिथे दाब येतो तिथून पेस्ट निघून जाते. मी फोम चिकटवण्याआधी हेल्मेटच्या आत खडूची पातळ पेस्ट लावली, डोक्याला जुना काळा रुमाल बांधला, हेल्मेट घातलं, हळू मान हलवली आणि काढलं. रुमालावर टाळूच्या थोडं मागे आणि उजव्या कानावर पांढरे ठसे. म्हणजे तिथे फोम नको, तिथे जागा हवी. मग कपाळ, टाळू आणि मान अशा तीनच जागी इव्हा फोमचे तुकडे, वेल्क्रोवर, म्हणजे घामट झाले की काढून धुता येतात. मधून हवा फिरते. चष्म्याच्या काड्यांसाठी फोममध्ये पात्याने पन्हळी कापल्या. याहून सरळ रस्ता हवा असेल तर बांधकामावरच्या टोपीच्या आतली चक्रीने घट्ट होणारी पट्ट्यांची जाळी काढून बसवा. टाळूवर पुरेशी उंची असेल तर ती फोमपेक्षा सरस.

एक गंमत आठवली. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 च्या चित्रपटातल्या पांढऱ्या सैनिकांच्या हेल्मेटवरून ब्रिटनमध्ये खटला झाला आणि 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते हेल्मेट शिल्प ठरत नाही, चित्रपट बनवण्याच्या कामातली ती उपयोगाची वस्तू आहे. या किटच्या कर्त्याने तो खटला उलट बाजूने जिंकला असता. याचं हेल्मेट शंभर टक्के शिल्प आहे.

मग घ्यावं का? शोकेससाठी किंवा पुतळ्यावर ठेवायला, डोळे मिटून घ्या. घासायची तयारी असेल तर या आकाराचं इतकं नेटकं रूप दुसऱ्या रस्त्याने मिळणं कठीण. दिवसभर घालून फिरायचं असेल आणि हत्यारं, वेळ, चिकाटी यांतलं काही कमी असेल तर इव्हा फोमचं बनवा. चमक येणार नाही, कडा इतक्या धारदार येणार नाहीत, रंगही लवचीक लागतो नाहीतर तडकतो, पण ते हलकं असतं, पडलं तर फुटत नाही, आणि आतून आपोआपच मऊ असतं. कागदाच्या घड्यांचं हेल्मेट करून त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू चढवणं ही जुनी पद्धतही अजून चालते, फक्त रेझिनमधल्या स्टायरीनचा वास आणि तंतूंची खाज सोसायची तयारी हवी. रेझिनमध्ये ओतलेली तयार कवटी मिळत असेल तर तिला थरांच्या रेषा नसतात, घासकाम निम्म्यावर येतं. फक्त साच्यातलं मेण नीट धुऊन काढा, नाहीतर रंग सोलून निघेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट: हे नावालाच हेल्मेट आहे. दुचाकीवर, सायकलवर, स्केटिंगला अजिबात नाही. आदळलं तर पीएलए थरांवर फुटतं आणि धारदार तुकडे होतात. घालून जिना उतरायचा असेल तर कोणाचा तरी हात धरा, पायाखालचं दिसत नाही.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल तक्रार नाही. काचेच्या धुक्याबद्दल, बंद जाळीबद्दल आणि अ‍ॅसिटोनच्या वाक्याबद्दल लिहिलं, त्याला नम्रपणे उत्तर आलं. अ‍ॅसिटोनचं वाक्य काढतो म्हणाले. जाळी उघडी केली तर तिचे दात छापताना तुटतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असू शकतं, मग जाळी वेगळी छापून द्यावी, असं मी कळवलं आहे. काचेसाठी त्यांनी आपणहून स्क्रूंचं पाकीटही पाठवलं. स्क्रू 10 मिलीमीटर लांब आहेत, भिंत 3 मिलीमीटरची. कापून घ्यावे लागतात, नाहीतर टोकं गालाला लागतात.